जाईबाईंचं कोमट पाणी

जाईबाईंचे पाय गार पडायला लागले तेव्हा साऱ्या चाळीने त्यांना उपाय सांगितले. त्यांनी त्यातला एकच धरला, शेक घ्यायचा. तेवढा एकच सुनेकडून करून घेता येत होता ना!

भोईवाड्यात आमची आणि त्यांची खोली भिंतीला भिंत लागून. दारं दिवसभर उघडी, त्यामुळे मला कधी मुद्दाम कान लावावा लागला नाही.

मुलाने, सुशांतने, आईला डॉक्टरकडे नेलं होतं. जरा चाललं की पोटऱ्या आवळायच्या, थांबलं की सुटायच्या. उजवं पाऊल तर पार बधिर. डॉक्टर म्हणाले, पायाकडे रक्त नेणाऱ्या नळ्या चोंदल्यात. तंबाखूची मशेरी बंद करा. रोज चाला, दुखलं की थांबा, पुन्हा चाला. आणि गरम पाणी अजिबात नको. पोळलं तर कळणार नाही, जखम झाली तर भरणार नाही.

"मशेरी मी दातांक लावतंय, पायांक नाय," जाईबाई म्हणाल्या. चालायचं तर नावच नको. घरात सून असताना सासूने गॅलरीत येरझाऱ्या घातल्या तर लोक काय म्हणतील?

सून ललिता, फणसवाडीची. ऑफिसातून आली की पर्स ठेवायची आणि टब घेऊन सासूच्या पायाशी बसायची.

"आई, डॉक्टर नको म्हणालेत."

"डाक्टर तुझो सासरो लागता काय? पाणी आण."

बिचारी कोपर बुडवून पाहायची आणि कोमट पाणी द्यायची. जाईबाई ते थंड म्हणायच्या, तिच्या आईचा उद्धार करायच्या. रोजचंच होतं ते.

संक्रांतीला ललिताने हळदीकुंकू केलं. आम्ही साऱ्याजणी खोलीत दाटीवाटीने बसलो होतो आणि मधोमध खुर्चीत जाईबाई, उजवा पाय टबात.

"बघलात? ह्या पाण्यात मासो सुद्धा जगतलो," त्या म्हणाल्या. "फणसवाडीत पाणी तापवूक शिकवणत नाय वाटता."

आम्ही हसलो. मी जरा जास्तच हसले, बाई बोलायच्याच तशा.

ललिता उठली. गॅसवर चहाचं आधण उकळत होतं. तिने पकडीने पातेलं उचललं आणि टबात रिकामं केलं. वाफेने तिने स्वतःचा हात झटकन मागे घेतला. जाईबाईंचा पाय होता तिथेच राहिला.

"हां, आता कसां!" त्या डोळे मिटून म्हणाल्या. "चार बायकांसमोर सांगूक लागलां तेवा."

"अजून आणू, आई?" ललिताने विचारलं. सासूशी ती इतकं गोड कधीच बोलली नव्हती.

"आण."

ललिताने आणलं. आम्ही तिळगूळ तोंडात टाकला, वाण घेतलं आणि आपापल्या घरी आलो.

पाय पुसताना कातडं टॉवेलला आलं. मग फोड, मग जखम, मग पाऊल काळं पडलं. शेवटी गुडघ्याखालून पाय कापला. इस्पितळात सुशांतने आईला विचारलं, "पाणी किती गरम होतं?" मी पलंगाशीच उभी होते. ललिताचं तोंड पांढरंफटक पडलं.

"गरम?" जाईबाई फणकारल्या. "हिच्या हातचां पाणी कधी तापलां? कोमट होतां, कोमट!"

मरता मरता वाचली बाई, पण सुनेला नावं ठेवायची संधी काही सोडली नाही. ललिता सुटली ती त्यामुळेच. डॉक्टरांनी घरी सोडताना बजावलं, डाव्या पायातही तेच आहे, सांभाळा.

मशेरीचा डबा अजून उशाशीच आहे. काल संध्याकाळी जाईबाईंची हाक आली.

"ललिता, डावो पाय थंड पडलो गो. पाणी आण. आणि थंड आणू नको."

"आणते हं, आई," ललिता म्हणाली, आणि तिने गॅस पेटवला.