पत्रातला केक

“शुक्रवारी जा ना, कोण नको म्हणतंय?” हर्शेल गालावरचा साबण पुसत म्हणाला. “गुरुवारी कॅन्सस सिटीहून पेपरवाला येतोय, फोटोग्राफर घेऊन! केक कोण करणार? मी?”

“आयव्हाचं काही खरं नाही, हर्शेल. पाय सुजलेत, आडवं झालं की श्वास लागतोय म्हणे. शेजारणीकडून निरोप लिहवून घेतलाय, मला बोलावतेय.”

“अगं, तुझी बहीण दर हिवाळ्यात मरायला टेकते आणि बर्फ वितळला की उठून बटाटे लावते. शुक्रवारी मी स्वतः तुला गाडीत बसवून देतो. मग तर झालं?”

लेओटाने नवऱ्यापुढे कॉफीचा कप सरकवला. हर्शेल टॅकेट तसा मनाने वाईट नव्हता. साऱ्या हयातीत एकच मोठी गोष्ट त्याच्या वाट्याला आली होती, आणि ती बैठकीच्या खोलीत काचेआड टांगलेली होती.

तो काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, रस्त्यांवर मुकादम होता. रस्ते आणि पूल तेव्हा जजसाहेबांच्या अखत्यारीत होते; काउंटीचा कारभार बघणाऱ्यालाही तिथे जज म्हणत. एका उन्हाळ्यात साहेब सुट्टी काढून गरम पाण्याच्या झऱ्यांवर गेले आणि तिथून हॉटेलच्या कागदावर, आपल्या हाताने, त्यांनी हर्शेलला चार ओळी लिहिल्या. ‘इथे उकाडा फार आहे. मासे गळाला लागत नाहीत आणि डॉक्टरने कॉफी बंद केली आहे. ड्राय फोर्क ओढ्यावरची मोरी मी येण्याआधी उरकून घ्या. मिसेस टॅकेटना सांगा, त्यांच्या सफरचंदाच्या केकची इथे आठवण येते.’

बस्स, एवढंच. ते पत्र बियाण्यांच्या पाकिटांबरोबर खणात पडून राहिलं असतं. पण जजसाहेब वॉशिंग्टनला गेले, वर चढत गेले आणि एक दिवस चक्क देशाचे अध्यक्ष झाले. त्याच आठवड्यात हर्शेलने पत्राला अक्रोडाची चौकट करून घेतली. ती शवपेट्या करणाऱ्याने केली, कारण गावात इतकं सफाईचं सुतारकाम दुसऱ्या कुणाला येत नव्हतं.

तेव्हापासून रविवारी चर्च सुटलं की अंगणात मोटारी लागत. हर्शेल उभा राहून, घसा खाकरून पत्र वाचायचा. केकचा उल्लेख आला की सगळ्या माना लेओटाकडे वळायच्या आणि ती बशी घेऊन पुढे व्हायची. भाच्याच्या लग्नाला ती गेली नाही, कारण त्या दिवशी सिनेटरची बायको यायची होती. आपल्याच घरात तिला पत्राने जखडून ठेवलं होतं, आणि तक्रार करावी तर लोक म्हणणार, हिला सुख बोचतंय.

शिवाय केक तिचा नव्हताच. साहेब रस्ता बघायला आले त्या दिवशी लेओटा तापाने फणफणत होती. धाकटी आयव्हा तेव्हा त्यांच्याकडे राहायची, केक तिने केला. पत्र आल्यावर लेओटा म्हणाली, साहेबांना खरं काय ते कळवू या. त्यावर आयव्हा खो खो हसली होती.

“काय करायचंय कळवून? घर तुझं, भट्टी तुझी, केकही तुझाच. जजला कोण कोर्टात खेचणार?”

पुढे ती लाकडाच्या गिरणीतल्या एका माणसाशी लग्न करून दूर पश्चिमेला, ओरेगनला गेली. लेओटाचा केक हटकून मधे खचायचा. पण अध्यक्षांचं पत्र ऐकल्यावर कुणालाही काहीही गोडच लागतं.

गुरुवारी केक भट्टीत असताना स्टेशनमास्तर स्वतः तार घेऊन मागच्या दाराशी आला. त्याने टोपी काढून हातात धरली होती, तेव्हाच तिला कळलं. आयव्हा आदल्या दिवशी सकाळी गेली होती. लेओटाने तार दोनदा वाचली. तेवढ्यात पेपरवाल्यांची मोटार फाटकातून आत आली आणि हर्शेलने तिला हाक मारली.

“मिसेस टॅकेट, हा केक कुणाकडून शिकलात?” बातमीदाराने पेन्सिल सरसावत विचारलं.

“माझा नाही तो. माझ्या बहिणीचा, आयव्हाचा. साहेबांनी खाल्ला तो तिनेच केला होता. मी आजारी होते.”

“आमची लेओटा अशीच!” हर्शेल मोठ्याने हसला. “कौतुक केलं की दुसऱ्याच्या गळ्यात टाकते.”

बातमीदारही हसला. त्याने काहीतरी खरडलं. फोटोवाल्याने तिला पत्राखाली उभं केलं, हातात केक दिला. “जरा हसा, मॅडम. आणखी थोडं.”

आणि ती हसली. पुढे तिला तेच सलत राहिलं. कुणी जबरदस्ती केली नव्हती.

मोटार गेल्यावर तिने तार हर्शेलपुढे ठेवली. तो उभ्याउभ्या वाचता वाचता खाली बसला.

“तू मला बोलली का नाहीस?”

“सोमवारपासून बोलतेय.”

“उद्याच्या गाडीने निघू. दोघंही जाऊ.”

“आता कुणासाठी, हर्शेल? आपण पोचेपर्यंत माती पडून गेलेली असेल.”

रविवारी सेडेलियाहून एक कुटुंब आलं. फोटो छापलेला पेपर बाईंच्या हातातच होता. हर्शेल पत्र वाचायला उभा राहिला, पण शेवटच्या ओळीशी त्याचा आवाज अडखळला. पाहुण्यांनी सवयीने लेओटाकडे पाहिलं. बशीत दुकानातली बिस्किटं होती.

“केक नाही?” बाईंचा चेहरा उतरला. “आम्ही एवढ्या लांबून आलो!”

“केक करणारी गेली.”

“अहो, असं काय म्हणता? मिसेस टॅकेट तुम्हीच ना? हा बघा फोटो.”

“फोटोत मीच आहे,” लेओटा म्हणाली. “केक आयव्हाचा होता.”

बाईंनी हर्शेलकडे पाहिलं. म्हातारा आता हसून वेळ मारून नेईल, असं लेओटाला वाटलं. हर्शेलने चौकटीला पाठ केली.

“आयव्हाचाच,” तो म्हणाला. “माझी मेहुणी. बुधवारी वारली.”

पाहुणे अवघडून बसले. कुणीतरी एक बिस्कीट उचललं. बाहेर अंगणात दुसरी मोटार वळत होती. लेओटा कॉफीचं आधण वाढवायला आत गेली.