राखाडी ड्रेसची शिवण

आमच्या शिवणकामाच्या दुकानात वजनाचा काटा नाही. दुकान दोघी बहिणींचं, आणि त्यातल्या थोरलीचं चाललं असतं तर काटा जगात कुठेच राहिला नसता. टेपवरही तिचा भरवसा नाही. टेप ज्याच्या हातात असतो त्याचं ऐकतो, असं ती म्हणते. माणूस जाड झालं की बारीक, ते मापात शिवलेला कपडाच खरं सांगतो, हा तिचा हट्ट. मी तिथे काजं, बटणं आणि खालच्या दुमडपट्ट्या करते, म्हणजे बसल्या जागी सगळं ऐकते. दोघी बहिणी मला मावशी म्हणतात. मी फटकळ आहे हे त्यांना ठाऊक आहे, आणि तरीही गेली कित्येक वर्षं त्या मला सांभाळून घेतात.

थोरली मापं घेते आणि शिवते, धाकटी कापते. कात्री चालवण्यात धाकटीचा हात धरणारं कोणी नाही. पण स्वतःच्या अंगाने तिला कधी सुख दिलं नाही. लहानपणापासून लठ्ठ, त्यात थायरॉइड मंदावलेला. लठ्ठपणामुळे थायरॉइड बिघडला की थायरॉइडमुळे लठ्ठपणा आला, यावर दोन डॉक्टरांची तीन मतं होती. रोज सकाळी उपाशीपोटी थायरॉइडची गोळी घ्यायची, आणि ती गोळी दर थोड्या वर्षांनी वाढत गेली. शेवटी तिने जठर लहान करण्याचं ऑपरेशन करून घेतलं. त्यानंतर ती कितीतरी दिवस चमच्याने पातळ सूप पीत होती आणि चार चमचे झाले की उलटी येईल म्हणून भिंतीला टेकून बसत होती. तिने काय सोसलं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे, त्यामुळे पुढचं सांगताना तिला वेडी ठरवायची माझी इच्छा नाही.

वजन उतरू लागलं. पूर्वी तिच्याकडे न बघता टेबलावर कापड टाकून जाणाऱ्या बायका आता थांबून तिचं कौतुक करायला लागल्या. एकीने तर तिला आरशासमोर उभं करून गोल फिरवलं. धाकटी लाजून लाल झाली. इतकी वर्षं ती त्या आरशाकडे पाठ करून काम करायची. आता कापता कापता मान वळवून बघायची. तिला बघून मला भरून यायचं.

मग तिचे हात थरथरायला लागले. कापडावर खडूने आखलेली तिची रेघ सुतासारखी सरळ असायची, ती वाकडी यायला लागली. पंखा डोक्यावर असताना घाम फुटायचा. दुकानाच्या वरच दोघींचं घर, पण तेवढा जिना चढताना ती मध्येच पायरीवर बसायची. थोरली म्हणाली, अशक्तपणा आहे. मी म्हटलं, अशक्त माणूस झोपतं, ही तर उभ्या उभ्या धावते आहे. माझं बोलणं टोचलं असावं, कारण दुसऱ्याच दिवशी थोरलीने तिला धरून डॉक्टरकडे नेलं. आधाराला मीही गेले.

थायरॉइडच्या डॉक्टरीणबाई शांत होत्या. त्यांनी सांगितलं की ऑपरेशननंतर शरीर लहान झालं तशी गोळीची गरजही कमी झाली, आणि ही अजून जुन्या शरीराची गोळी घेते आहे. सगळ्यांचं सारखं होत नाही, म्हणून तर मधे रक्त तपासायला बोलावलं होतं. ते तपासायला धाकटी गेलीच नव्हती. आता गोळी निम्म्यावर आणायची, थरथर ओसरायला काही आठवडे लागतील, मग पुन्हा रक्त बघू. तोवर जास्तीची गोळी गेली तर हृदय बिघडेल, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

दुकानात परतल्यावर धाकटीने लहान गोळ्यांचं पाकीट कापायच्या टेबलावर आपटलं. मोठी गोळी घेऊनही ती इतकी वर्षं लठ्ठ होती, आता निम्मी घेतली की महिन्यात होती तशी होणार, असं तिचं म्हणणं. रक्त तपासायला का गेली नाहीस, असं विचारलं तर म्हणाली, हेच सांगतील म्हणून.

थोरलीने मनधरणी केली, आवाज चढवला, शेवटी रडली. तेव्हा कुठे धाकटी एका अटीवर तयार झाली. थोरलीने तिच्या आजच्या अंगावर अगदी बेताचा एक ड्रेस शिवायचा. दर रविवारी, दुकान बंद असताना, तो घालून बघायचा. कमरेत जरा जरी काचला तरी जुनी गोळी परत सुरू, आणि मग कोणी ब्र काढायचा नाही. धाकटीने राखाडी कापड कापून दिलं आणि थोरलीने त्याच संध्याकाळी त्याचा ड्रेस शिवला. कपडा पुढे वाढवता यावा म्हणून शिवणीच्या आत जे जादा कापड सोडतात त्याला आम्ही माया म्हणतो. ती सवयीने बोटभर सोडलेली होती.

पहिल्याच शनिवारी धाकटी वर गेल्यावर मी एका कोटाची काजं संपवत बसले होते, तर थोरलीने तो ड्रेस उलटा करून कमरेची शिवण उसवायला घेतली. दोन्ही बाजूंनी दोरा दोरा सोडला, नव्याने टीप मारली, जुन्या टाक्यांची भोकं बुजावीत म्हणून ओल्या फडक्यावरून इस्त्री फिरवली. मी काय ते समजले.

"अजून तर ती जाड झालेली नाही," मी म्हटलं.

"झाल्यावर उसवून काय उपयोग?" ती म्हणाली. "एकदा काचला की संपलं. मग ती माझं ऐकणार आहे का?"

मला ते पटलं नाही, पण खोटंही म्हणवेना. जिन्यावर बसलेल्या धाकटीचा चेहरा मीही पाहिला होता. तिला जपण्यासाठी थोरली काहीही करायला तयार होती, आणि मनातून मीही तिच्याच बाजूची होते. मी काजं उरकली आणि घरी गेले.

रविवारी दुकानाला सुट्टी असली तरी त्यानंतर मी काहीतरी निमित्त काढून यायचे. धाकटी पडद्यामागे जायची, कपडा चढवायला लागतो त्यापेक्षा जास्त वेळ आत थांबायची आणि बाहेर येऊन उभी राहायची. ड्रेस कधीच काचला नाही. उलट ढगळ व्हायला लागला. थोरलीच्या चेहऱ्यावर समाधान दिसायचं. आपणच उसवला, म्हणून ढगळ झाला, असा तिचा हिशोब. मला गळ्याची हाडं वर आलेली दिसत होती. थरथर अजून का थांबत नाही असं मी विचारलं, तर डॉक्टरांनी काही आठवडे लागतील म्हटलंय ना, हे उत्तर तयार होतं. आणि शनिवार आला की शिवण आणखी थोडी सुटायची.

रक्त तपासायचा दिवस उजाडण्याआधीच ते झालं. भर दुपारी, दुकानात गिऱ्हाईक नसताना, धाकटी निळं लोकरी कापड कापत होती. कात्री रेघ सोडून आत शिरली. तिच्या हातून असं कधी झालेलं नव्हतं. ती त्या चुकीच्या कापाकडे बघत राहिली, मग कात्री ठेवून खाली बसली.

"ताई, काळीज घशात आलंय गं," एवढं म्हणाली आणि तिचे ओठ पांढरे पडले.

हॉस्पिटलात तिच्या छातीला वायरी लावल्या. हृदयाचे ठोके नुसते भराभर नव्हते, त्यांना ताळतंत्रच राहिलं नव्हतं. रात्र थोरलीने बाकावर बसून काढली. सकाळी मी पोचले तेव्हा डॉक्टरीणबाई रक्ताचा रिपोर्ट घेऊन आल्या होत्या. त्यांनी विचारलं, कोणती गोळी चालू आहे? थोरलीने पर्समधून लहान गोळ्यांचं पाकीटच काढून दाखवलं. बाई म्हणाल्या, हे आकडे या गोळीचे असूच शकत नाहीत. ठोके आवरायचं औषध चालू राहील, थायरॉइडची गोळी काही दिवस पूर्ण बंद, मग पुन्हा अगदी लहान. पण घरी गेल्यावर असंच चालणार असेल तर हृदय हे फार दिवस सोसणार नाही, हे त्यांनी धाकटीकडे बघून सांगितलं आणि त्या गेल्या.

थोरलीच्या रागाचा पारा चढला. तू शब्द दिला होतास, ड्रेस एकदा तरी काचला का, मग कशाला घेतल्यास मोठ्या गोळ्या, असं तिचं सुरू झालं. माणूस वायरींना बांधलेलं आहे याचंही तिला भान राहिलं नाही. मी तिचा दंड धरला.

"लहानच घेतल्या," धाकटी म्हणाली. "दोन घेतल्या की मोठी होते."

"पण का?"

"तू उसवलास म्हणून."

थोरलीने वळून माझ्याकडे बघितलं.

"पहिल्याच रविवारी कळलं. कापड मी कापलं होतं, ताई. शिवणीत किती ठेवलं ते मला माहीत नसणार? मी आत हात घालून बघितलं, तर कमी झालेलं. म्हटलं, मी फुगतेय, आणि ही मला कळू नये म्हणून वाढवून देतेय. वर जाऊन दोन घेतल्या. पुढच्या रविवारी आणखी उसवलेला, म्हणून अडीच. तू सोडत गेलीस, मी वाढवत गेले."

पडद्यामागे ती एवढा वेळ काय करत होती ते आत्ता समजलं. थोरलीने पलंगाची कड घट्ट धरली होती.

"तू जाड झाली नव्हतीस," ती म्हणाली. "शपथेवर सांगते. एक दोरासुद्धा नाही."

"मग उसवलास कशाला?"

थोरलीला खोटं बोलता आलं असतं. इतके आठवडे ती सुईदोऱ्याने तेच करत होती. पण तिला तेवढं सुचलं नाही.

"होशील म्हणून," ती म्हणाली.

धाकटीने मान हलवली, अपेक्षित उत्तर मिळाल्यासारखी. ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. थोरलीने पुढे होऊन तिच्या कपाळावर हात ठेवायला घेतला, तर तिने चेहरा उशीकडे वळवला.

थोड्या वेळाने नर्स वजन करायला काटा घेऊन आली. धाकटीने मला हाताचा आधार मागितला. थोरली लगेच दुसऱ्या बाजूला आली, तेव्हा धाकटीने तिला बाहेर थांबायला सांगितलं. अगदी हळू, नीट सांगितलं. थोरली गेली.

मी आणि नर्सने तिला काट्यावर उभं केलं. माझ्या हातात तिचं मनगट होतं, त्यात हाड सोडून काही राहिलं नव्हतं. ती बराच वेळ खाली आकड्याकडे बघत राहिली. किती कमी भरली होती ते बघून नर्सचा चेहराही उतरला. मग धाकटीने मला विचारलं, की आता लहान गोळी देतील तेव्हा इथेच येऊन नर्सकडून वजन करून घेता येईल का. मी म्हटलं, मी घेऊन येईन.

दार थोडं उघडलं.

"मावशी, किती भरलं?" थोरलीने विचारलं.

धाकटीची बोटं माझ्या हातावर आवळली गेली.

"तिला सांगू नका," ती म्हणाली.

मी तिला नर्सच्या हाती दिलं आणि दार लावून घेतलं.