दाराबद्दल कोणीच लिहिलं नाही

दर बुधवारी संध्याकाळी साडेसहाला माझ्या घरी ‘काळी कक्षा’ ही मालिका बघायची, हे गेली सात वर्षं चालत आलं. सुरुवातीला आम्ही अकरा जण होतो. खुर्च्या पुरायच्या नाहीत, लोक जमिनीवर उशा टाकून बसायचे. मग कुणाचं लग्न झालं, कुणाची बदली झाली, कुणाला एकदम साक्षात्कार झाला की आपण आता मोठे झालो. यानं आणि ग्रह बघणं म्हणजे पोरकटपणा, असं म्हणणारे हेच लोक घरी जाऊन बावीस माणसं एका चेंडूमागे कशी धावतात ते तासन्‌तास बघतात. बघा बापडे.

शेवटी उरलो चौघं. मी लिफ्ट दुरुस्त करतो. सिस्टर सरकारी दवाखान्यात नर्स आहे. मास्तर गणित शिकवून निवृत्त झालेले. आणि बसवाला, जो बस चालवतो आणि सोफ्यावर बसल्या बसल्या पाय असे दाबतो की जणू अजून ब्रेक तिथेच आहे.

नियम माझे होते. मालिकेच्या नव्या पर्वाचे सगळे आठ भाग एकाच दिवशी येतात, पण आम्ही आठवड्याला एकच भाग बघायचा. पुढचं कोणी बघायचं नाही. आणि टीव्ही लावण्याआधी प्रत्येकाने चिठ्ठी लिहायची, आज काय होणार याची. कंपनीचे जुने गुलाबी तक्रार-फॉर्म माझ्याकडे ढिगाने पडलेत, त्यांच्या पाठीवर. चिठ्ठ्या डब्यात टाकायच्या, भाग संपला की वाचायच्या. ज्याचं बरोबर येईल तो पुढच्या बुधवारी मागे कलणाऱ्या खुर्चीत. बाकीच्यांनी सोफ्यावर दाटीवाटीने मरायचं.

ती खुर्ची जवळजवळ मास्तरांच्या मालकीची होती. “लेखकाचं डोकं म्हणजे दोन चलांचं समीकरण,” असं म्हणून ते आम्हाला वर्षानुवर्षं पिडायचे. पण या पर्वात सलग सात बुधवार त्यांचं चुकलं. सगळ्यांचंच चुकलं. खुर्ची रिकामी. मी गाढव खूश, की वा, लेखक सुधारले!

मग गेल्या बुधवारी एक गोष्ट झाली. यानाच्या इंजिनखोलीत स्फोट झाला आणि सिस्टरने डोळ्यांवर हात घेतले. पण हात आधी गेले, स्फोट नंतर झाला.

अर्ध्या सेकंदाचा फरक असेल. दुसऱ्या कुणाच्या लक्षातही आला नसता. पण माझं पोटच अशा फरकांवर भरतं. लिफ्टमध्ये आधी टक् वाजतं आणि मग झटका बसतो. उलटं झालं तर समजायचं, आत कुणीतरी वायरी बदलून ठेवल्यात. आठवडाभर ते हात माझ्या डोक्यातून जाईनात.

काल शेवटचा भाग होता. तिघं वेळेवर आले. बसवाल्याने बिस्किटं आणली होती. चिठ्ठ्या लिहून झाल्या, तिघं चहा घ्यायला स्वयंपाकघरात गेले, आणि मी सात वर्षांत पहिल्यांदा डबा आधी उघडला.

मास्तर: यान सूर्यात कोसळेल. सिस्टर: कप्तानबाईचा भाऊ परत येईल. बसवाला: हे सगळं स्वप्न होतं.

ही मालिका न बघितलेल्यांसाठी सांगतो. तीन वर्षं कप्तानबाई एका बंद दारासमोर उभी आहे. दारामागे तिचे दोनशे प्रवासी झोपवून ठेवलेत. ते जिवंत आहेत की मेले, कळायला मार्ग नाही, आणि दार उघडलं तर जे जिवंत असतील तेही मरतील. शेवटच्या भागाच्या आधी जगातला कुठलाही माणूस एकच गोष्ट लिहील. दार उघडेल, किंवा उघडणार नाही. माझ्या चिठ्ठीत तेच होतं. यांच्यापैकी दाराबद्दल कोणीच लिहिलं नाही. ज्याला काय झालं ते ठाऊक आहे, तोच दाराला इतका वळसा घालून जाईल.

मी डबा घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. “कधी बघितलंत?”

“काय?” बसवाला म्हणाला. बिस्किट कपात बुडालं ते बुडालंच.

“नाटकं नकोत. कधी?”

मास्तरांनी चष्मा काढला. “पहिल्याच रविवारी. माझ्याकडे. एका बैठकीत सगळे भाग.”

“म्हणजे आठ आठवडे तुम्ही इथे येऊन, बघितलेलं पुन्हा बघत, अय्या-अगबाई करत बसलात?”

“अय्या मी नाही केलं,” बसवाला म्हणाला.

“तू गप रे!” सिस्टर त्याच्यावर खेकसली आणि माझ्याकडे वळली. “हे बघ, तुझी आई गेली तेव्हा दहा दिवस तू दार उघडलं नव्हतंस. फोन नाही, काही नाही. तुझ्या बहिणीचा मला फोन आला, म्हणाली, दादाकडे जरा बघाल का. मग आम्ही ठरवलं, बुधवार चुकवायचा नाही. काही झालं तरी तिघांपैकी दोघांनी यायचंच.”

“पाळी लावली होतीत?”

तिच्या फोनमध्ये त्याचा तक्ताही असणार, मला खात्री आहे. नर्स आहे ती.

“मी काय तुझ्या वॉर्डातला पेशंट आहे? नळी नीट आहे का, ताप उतरला का, बघून निघालीस पुढच्या खाटेकडे? आणि मास्तर, तुम्ही! आयुष्यभर पोरांना कॉपी करताना पकडलंत, आणि इथे मुद्दाम चुकीची उत्तरं लिहीत बसलात. माझ्यावर दया करायची तर सरळ करा. खुर्चीत बसून तरी करा!”

“अरे, दया कसली? तू सोडून आम्हाला तरी कोण आहे हे बघायला?” मास्तर म्हणाले.

“तुम्ही तिघं आहात की! रविवारी होतातच.”

हे बोलायला नको होतं असं लिहायची पद्धत आहे. मला तसं वाटलं नाही. खोटं त्यांनी केलं होतं. प्रेमाने केलं म्हणून ते खरं होत नाही. मी म्हणालो, निघा. बसवाल्याने विचारलं, “शेवटचा भाग तरी?” मी म्हणालो, “तुझा झालाय.” सिस्टरने जाता जाता कप विसळून ठेवले, त्याचा तर जास्तच राग आला.

मग मी टीव्ही लावला. मागे कलणाऱ्या खुर्चीत बसलो, कारण आता ती अडवायला कोणी नव्हतं. दार उघडलं. आत कोणीच नव्हतं. झोपलेले नाहीत, मेलेले नाहीत. दोनशे रिकाम्या खाटा, आणि कप्तानबाई हसते, आणि संपलं. तीन वर्षं आमचा जीव टांगून ठेवला, आणि हे! मी मोठ्याने शिवी हासडली. चांगली, रसरशीत शिवी. सोफ्याकडे बघून हासडली. सात वर्षांची सवय.

आठ वाजायच्या आत मी आमच्या ग्रुपवर लिहिलं, “शेवट भिकार आहे.”

तिघांनीही लगेच वाचलं. मग माझ्या फोनवर सूचना आली. सिस्टरने मला दुसऱ्या एका ग्रुपमध्ये घेतलं होतं. नाव ‘काळी कक्षा, बघून झालेले’. ग्रुप दोन महिने जुना. नव्याने येणाऱ्याला मागचं काही दिसत नाही, त्यामुळे पडदा कोरा. एवढे दिवस ते इथे भांडले असतील, मास्तरांनी समीकरणं मांडली असतील, बसवाल्याने शिव्या घातल्या असतील. त्यातलं एक अक्षर मला दिसत नव्हतं.

मी लिहायला घेतलं. खाटा रिकाम्या का असतील, दुसऱ्या भागात हवेच्या आकड्यांची जी चूक दाखवली ती चूक नव्हतीच, बाई कदाचित पहिल्यापासून एकटीच होती. तीन लांबलचक निरोप पाठवले. बसवाल्याने अंगठ्याचं चित्र पाठवलं. मास्तरांनी लिहिलं, “बरोबर आहे तुझं. हे आमचं सगळं बोलून झालं रे पहिल्याच आठवड्यात.”

मग मी लिहिलं, “पुढच्या बुधवारी याल का?”

सिस्टर: “काय बघायला?”

खरंच, काय? मालिका संपली. दुसरी शोधली असती, नाव टाकता आलं असतं, यानांची काही कमी नाही. पण मी लिहिलं, “काही नाही. नुसतंच.”

सिस्टरने लिहिलं की बुधवारी तिची दुपारपाळी आहे. ती खरंही असेल. बसवाल्याने वाचलं आणि काही लिहिलं नाही. मास्तरांनी लिहिलं, “बघतो.”

‘बघतो’चा अर्थ मला कुणी शिकवायला नको. बंद पडलेल्या लिफ्टसमोर उभं राहून, पाचव्या मजल्यावरच्या म्हाताऱ्यांना मी रोज तोच शब्द ऐकवतो.

तरी मी खाली वेळ लिहिली. साडेसहा.