दुसरी नळी

"ही चिठ्ठी कोणी लावली?" बालविभागाच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

यंत्राच्या कडेला चिकटपट्टीने लावलेली ती चिठ्ठी बारा वर्षांत पिवळी पडली होती. पहिल्या नळीत टी पेशी पुरेशा दिसल्या तर दुसरी लावू नये, असं तिच्यावर लिहिलं होतं. अक्षर मोजणीकाकांचं होतं. रक्तातल्या पेशी मोजण्यात त्यांची एकतीस वर्षं गेली, म्हणून सगळं रुग्णालय त्यांना त्याच नावाने ओळखायचं. कुणाच्या बापासाठी आकडा बदलणार नाही, अशी त्यांची ख्याती होती.

"मीच," ते म्हणाले.

पहिली नळी रोगाशी लढणाऱ्या या टी पेशी किती ते सांगते. त्यांतल्या नव्या, कोऱ्या किती आणि लढून मुरलेल्या किती, ते दुसरी. दुसरीला लागणारा रंग बाहेरून मागवावा लागे आणि महिनोन् महिने येतच नसे. म्हणून तो पुरवून वापरायची ही युक्ती काकांनी काढली. तेव्हा तिचं कौतुकही झालं होतं.

दोन महिन्यांपूर्वी लेकीच्या चार महिन्यांच्या बाळाचा खोकला हटेना, तेव्हा नातवाचं रक्त त्यांनी स्वतः मोजलं. आकडा काठावर होता, पण रेषेच्या वर. त्यांनी दुसरी नळी लावली नाही. घरच्यांसाठी नियम वाकवला नाही, याचा त्यांना जरा अभिमानच वाटला. फौज तयार आहे, उगाच जिवाला घोर लावून घेऊ नकोस, असं त्यांनी लेकीला सांगितलं. बापाच्या आकड्यावर तिचा डोळे झाकून विश्वास. बाळाच्या तोंडातले पांढरे चट्टे, अंगावरचं पुरळ, उतरत चाललेलं वजन, सगळं तिने त्या आकड्याच्या भरवशावर काढलं.

काल रात्री धाप लागून बाळाला दाखल केलं, आणि आज सकाळी त्यांनी दुसरी नळी लावली. कोरी पेशी एकही नव्हती.

प्रशिक्षणाला येणाऱ्या नर्सना ते वर्षानुवर्षं हेच समजावत आले होते. टी पेशी हाडांच्या मज्जेत जन्मतात आणि शिकायला छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीत जातात. जी आपल्याच शरीरावर उठेल तिला तिथेच संपवलं जातं. आपलं कोण नि परकं कोण हे कळलेली तेवढी रक्तात उतरते, आणि तान्ह्या बाळाचं रक्त अशा नव्या, कोऱ्या पेशींनीच भरलेलं असतं. याच्या रक्तातल्या सगळ्या मुरलेल्या होत्या. एवढ्याशा जिवाला इतका अनुभव आला कुठून?

दुपारी गुणसूत्रांचा अहवाल आला. त्या पेशी मुलाच्या नव्हत्याच, बाईच्या होत्या. पोटात असताना आईकडून आलेल्या. बाळाने स्वतःची एकही घडवली नव्हती.

"तेव्हा कळलं असतं तर दुसऱ्या कुणाची मज्जा देता आली असती," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आता फुप्फुसं पार भरलीत, काका. आजचा दिवस, फार तर उद्याचा. तुमच्या लेकीला मी सांगू का?"

काकांनी नकारार्थी मान हलवली. मीच सांगतो म्हणाले.

लेक खाटेवर बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. काकांनी काहीही लपवलं नाही. चिठ्ठी, न लावलेली दुसरी नळी, आता काही करता येणार नाही हेही. चूक माझी आहे, असं ते दोनदा म्हणाले. ती ओरडली असती, तर बरं झालं असतं. तिने बाळाला छातीशी घेतलं.

मग म्हणाली, "म्हणजे इतके दिवस याच्या रक्तात माझ्या पेशी होत्या?"

"हो."

"सगळ्या?"

"सगळ्या."

कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा जरा सैलावला. "मग तो एकटा नव्हता. मी होते आत. त्या त्याला जपत होत्या ना, बाबा?"

काकांना उत्तर तोंडपाठ होतं. त्या पेशी तिच्या छातीत शिकल्या होत्या, तिचं शरीर तेवढं आपलं म्हणायला. बाळाचं शरीर त्यांना परकं होतं. ते पुरळ तापाचं नव्हतं. त्या त्याची कातडी पोखरत होत्या.

एकतीस वर्षांत जाणूनबुजून खोटं त्यांनी कधी लिहिलं नव्हतं, कधी सांगितलंही नव्हतं.

"जपत होत्या," ते म्हणाले.

तिने बाळाच्या कपाळावर ओठ टेकले. झबल्याची बाही वर सरकली होती. काकांनी ती हळूच खाली ओढली, पुरळ झाकलं जाईल इतकी, आणि हात तिथेच ठेवला.