उलट्या क्रमानं

पन्नाशी उलटलेल्या माणसाला घरात 'बारक्या' म्हणून हाक मारत असतील, तर त्याच्यावर मोठेपणा गाजवणारं कुणीतरी अजून हयात आहे असं खुशाल समजावं. या घरात ती ताई होती. बारक्याचे केस विरळ झाले, पोट सुटलं, कवळ्यांच्या कारखान्यात त्याच्या हाताखाली माणसं आली, तरी ताईच्या लेखी तो बारक्याच राहिला. दातांचे डॉक्टर मापं पाठवत आणि बारक्या त्यावरून कवळी करून देई. आसपासची निम्मी म्हातारी मंडळी त्याच्या हातचं हसत होती, असं म्हटलं तरी चालेल.

दिवसभर बोटांच्या टोकांवर केसाएवढं अंतर सांभाळणाऱ्या माणसानं संध्याकाळी काय करावं? पत्ते कुटावेत, बातम्या बघत बडबड करावी, निदान सोफ्यावर घोरावं तरी. बारक्या घरी येऊन प्लास्टिकचे ठोकळे जोडी. पोरं खेळतात तेच, एकमेकांत टचकन बसणारे. पहिला संच त्यानं कारखान्यातल्या एका सोबत्याच्या मुलाच्या वाढदिवसासाठी आणला होता. आत काय आहे ते नुसतं बघू, म्हणून खोका उघडला, आणि त्या मुलाला शेवटी कंपासपेटी गेली. मुलगा पुढं नोकरीला लागला, त्याचं लग्न झालं. आपलं काय गेलं ते त्याला कधीच कळलं नाही.

मग संचामागून संच आले, आणि प्रत्येकाचे दोन. एक जोडायचा, दुसरा तसाच सीलबंद ठेवायचा. दुसरा कशाला, असं विचारलं की बारक्या श्रद्धाळू माणसं हसतात तसा हसे. घर अरुंद, दुमजली. वर झोपायच्या दोन खोल्या, खाली स्वयंपाकघर, मागं संडास-बाथरूम आणि पुढं एकच ऐसपैस बैठकीची खोली. ती बारक्यानं घेतली. आधी सोफा अंगणात गेला, मग भंगारवाल्याकडं. पाहुणे स्वयंपाकघरात बसू लागले, आणि स्वयंपाकघरात बसवलेले पाहुणे हळूहळू जसे कमी होतात तसे कमी झाले.

बायकोनं कटकट केली नाही असं नाही. पण नवरा पीत नाही, बाहेर शेण खात नाही, पगार हातात आणून देतो, हे सगळं जमेला धरून ती औषधांच्या दुकानात दिवसभर उभी राहत आली आणि बेरीज जुळवत आली. ताईनं बेरीज मांडलीच नव्हती. आई-वडील गेले तेव्हा बारक्या शाळेत होता. ताई कपडे धुऊन इस्त्री करून देणाऱ्या एका दुकानात लागली आणि तिथल्या रसायनांच्या वाफेत तिनं आयुष्य काढलं. बारक्या शिकला, त्याचं लग्न झालं. तिचं राहूनच गेलं. वाफ तेवढी छातीत शिल्लक राहिली. ती हसली की मागोमाग खोकला येई, म्हणून अलीकडं ती बेतानं हसायची.

गेली दोन वर्षं बारक्या एक पूल बांधत होता. पुस्तकात बघून नव्हे, स्वतःच्या डोक्यातला. बंदरावरचा, मधोमध दुभंगून वर उचलला जाणारा, खालून जहाज जाऊ देणारा. तो त्या खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पसरला होता आणि कळ फिरवली की खरोखर उघडत होता. ठोकळे करणाऱ्या कंपनीनं हौशी लोकांकडून नमुने मागवले होते. निवडलेला नमुना संच म्हणून दुकानात येणार, खोक्यावर बनवणाऱ्याचं नाव येणार. बारक्याचा पूल शेवटच्या फेरीत पोचला होता. आता कंपनीला हवा होता बांधणीचा क्रम: कुठला ठोकळा आधी, कुठला नंतर.

त्याच्या हौशी मंडळातली तरुण पोरं आधी सगळं संगणकावर उभारतात, त्यामुळं क्रम आपोआप हाती येतो. बारक्या त्यांना हसत आला होता. पडद्यावरच्या ठोकळ्याला वजन नसतं, तो हवेतसुद्धा उभा राहतो, असं त्याचं म्हणणं, आणि ते खरंही होतं. पण त्यामुळं पुलाचा क्रम कुठंच नव्हता. आता एकच वाट उरली होती. वरून एकेक ठोकळा काढायचा, प्रत्येक वेळी फोटो घ्यायचा, आणि मग फोटो उलट्या क्रमानं लावायचे. मंडळात याला मोठा मान. घर बदलताना एकानं आपला किल्ला गोणीत ओतून नेला होता. बैठकीत त्याच्या शेजारी बसायला लोक अजून कां-कूं करत.

अशात डॉक्टरांनी ताईला तपासलं आणि सांगितलं की जिना बंद. एकेक चढ म्हणजे छातीवर घाव आहे. ताईची खाट वर, संडास खाली. स्वयंपाकघराच्या टेबलाशी तिघं बसली होती. बायकोनं तोंड उघडायच्या आत बारक्याच म्हणाला, "ताई खालच्या खोलीत येईल."

"अरे, आणि तुझा पूल?" ताईनं विचारलं.

"पूल गेला खड्ड्यात."

बायकोनं त्याच्याकडं असं पाहिलं, जसं काही बुडीत धरलेलं येणं एकाएकी दारात येऊन उभं राहिलं असावं. तो खोटं बोलत नव्हता, हे इथंच सांगून ठेवलेलं बरं. त्या क्षणी त्यानं मनातून पूल देऊन टाकला होता. फक्त कसा द्यायचा, ते त्यानं स्वतःकडं ठेवलं.

सीलबंद खोके एका दुपारीत हलले आणि वर नवरा-बायकोच्या खोलीत खाटेच्या चहूबाजूंनी रचले गेले. बायकोनं दुकानातून रिकामी खोकी आणली, फावडं आणलं. फावडं बघून बारक्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते बघून तिनं ते दाराआड ठेवलं. त्यानं शांतपणे समजावलं. काढायचा तर आहेच, मग नीट काढला तर काय बिघडलं? कंपनीचं कामही होईल आणि खोलीही रिकामी होईल. रजा टाकतो, चार दिवसांत मोकळं. एका दगडात दोन पक्षी, आणि दुसऱ्या पक्ष्यावर त्यानं ठळक अक्षरांत 'ताईसाठी' असं लिहून टाकलं होतं.

तो सकाळी बसे. दाताच्या कामातला बारीक चिमटा, प्लास्टिकची पातळ पट्टी, फोटोसाठी तिवई. ठोकळा सुटला की ताटलीत. ताटल्या आकारानुसार; रंगानुसार लावतात ते नवशिके, कारण काळ्यांच्या ढिगात काळा ठोकळा सापडत नाही. जमीन ताटल्यांनी भरत गेली. ताई खाली आली की वर जायच्या आधी दम घ्यायला जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसे आणि उघड्या दारातून बघत राही.

"बारक्या, जोडताना एवढा वेळ लागला नसेल रे."

"जोडताना चुकलं तर परत जोडता येतं, ताई. काढताना चुकलं की संपलं."

"म्हणजे दातासारखंच म्हण की."

दोघं हसली. मग तिला खोकला आला, तो बराच वेळ थांबला नाही. बारक्या पाणी घेऊन आला, पाठ चोळली. ती कठड्याला धरून वर गेली आणि तो पुन्हा पुलाशी बसला.

चार दिवस संपले तेव्हा कमानी उतरल्या होत्या, दोन्ही बुरूज शाबूत होते. बायको म्हणाली की वन्सं आज पायरीवर बसूनच जेवल्या, खाटेपुरती निम्मी खोली तरी करा. बारक्यानं सांगितलं की पुलाचा पाया एकसंध आहे, सरकवला तर पाय मोडतील. रजा वाढवून घेतो, शुक्रवारी नक्की. कुठल्या शुक्रवारी, असं तिनं विचारलं. त्यानं ते टोमणा म्हणून सोडून दिलं. आणखी दोन दिवसांनी ती दुकानातून आली ती थेट दाराआडचं फावडं घेऊन खोलीत शिरली. तेव्हा अडवलं ते ताईनं. जिन्यातूनच म्हणाली, नको गं, लहानपणी याच्या हातातलं काही काढून घेतलं की हा दोन-दोन दिवस जेवायचा नाही. दोन दिवसांनी काय होतंय. बायकोनं फावडं ठेवलं. ते तिनं का ठेवलं, याचा हिशेब तिला पुढं कधी लागला नाही.

शेवटचा बुरूज राहिला होता, आणि त्याच्या पोटात पूल उचलणारी यंत्रणा. ती ताणावर होती. एक खिळी काढली की वरची भुजा खाली येऊ पाहते, म्हणून ती डाव्या हातानं तोलून धरायची आणि उजव्यानं पुढची ओळ सोडवायची. भरदुपार होती. बायको दुकानात. बारक्यानं खिळी काढली आणि भुजा हातावर घेतली.

"बारक्या, जरा ये रे," जिन्यातून ताई म्हणाली. आवाज नेहमीसारखाच, थोडा खालचा.

"आलो, ताई."

आणि तो येणारच होता. हात सोडला तर बुरूज ढासळला असता आणि नेमका आतला भाग, ज्याचा क्रम त्यालाही पुरता आठवत नव्हता, मातीमोल झाला असता. एवढी एक ओळ. ठोकळा सुटला, ताटलीत, फोटो. दुसरा. तिसरा जरा घट्ट होता. पट्टी घालून हलवावा लागला. ताईनं पुन्हा हाक मारली नाही. त्यानं ते चांगलं लक्षण धरलं, घाई नसावी. ओळ संपली, भुजा अलगद ताटल्यांमध्ये टेकली, शेवटचा फोटो झाला. मग तो हात झटकत उठला आणि म्हणाला, "हं, बोल."

ती जिन्याच्या वळणावर बसली होती, भिंतीला टेकून. ओठ निळे. एक चप्पल खालच्या पायरीवर. डोळे उघडे होते आणि दाराकडं लागलेले होते. श्वास होता की नव्हता ते त्याला कळेना.

रुग्णवाहिका लवकर आली. दोघं होते, एक थोराड, एक तरणा. वळणावर काही करता येत नव्हतं, त्यांनी तिला उचलून खाली आणलं. स्वयंपाकघरात टेबल. थोराडानं सपाट जागा कुठं आहे विचारलं आणि उत्तराची वाट न बघता खोलीचं दार ढकललं. दारापासून भिंतीपर्यंत ताटल्या.

"थांबा," बारक्या म्हणाला, आणि वाकून ताटल्या उचलू लागला. एकीवर दुसरी. उतरत्या ठोकळ्यांच्या एका बाजूला, चपट्यांच्या दुसऱ्या बाजूला.

ताईला हातांवर घेऊन उभा असलेला थोराड क्षणभर बघतच राहिला. त्याला वाटलं असावं की माणसाला धक्का बसलाय. "बाजूला व्हा, दादा," तो म्हणाला आणि त्यानं पायानं ताटल्या लोटल्या. तरण्यानं उरलेला पूल दोन्ही हातांनी भिंतीकडं रेटला. पूल थोडा सरकला, मग मध्ये वाकून कोसळला. खोली रिकामी झाली. खाट मावली असती, खुर्ची मावली असती, शिवाय माणसाला फिरायला जागा उरली असती.

त्यांनी तिथं ताईला झोपवलं. थोराडाचे गुडघे ठोकळ्यांवर टेकले, त्यानं तोंड वाकडं करून ते खालून काढून फेकले आणि छाती दाबत राहिला. तरणा आळीपाळीनं. बारक्या दारात उभा होता, हातात चपट्या ठोकळ्यांच्या तीन ताटल्या एकावर एक. मग थोराड थांबला, त्यानं तरण्याकडं पाहून मान हलवली आणि घड्याळात बघितलं. ताईला खालची खोली मिळाली, ती एवढ्यापुरती.

पुढच्या दिवसांत माणसं येऊन गेली. एवढी बहीण, आईसारखी. तिच्यासाठी यानं दोन वर्षांचा पूल मोडायला घेतला होता, अगदी रजा काढून, असं ती एकमेकांना सांगत होती. बारक्या ऐकून घेत होता. त्याच्या नावावर खोटी जमा पडत होती आणि त्यानं एकदाही ती नाकारली नाही.

सगळी गेल्यावर बायको खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. बारक्या जमिनीवर बसून ठोकळे निवडत होता, आकारानं नाही, रंगानंही नाही. नुसतेच एका ढिगातून दुसऱ्या ढिगात.

"त्यांनी हाक मारली होती का?" तिनं विचारलं.

नाही म्हणायला अडचण नव्हती. घरात दोघंच होती, आणि त्यातली एक आता नव्हती.

"मारली होती."

"मग?"

"आलो म्हणालो."

त्या एका शब्दावर बायकोनं संसार काढला होता. त्यावर जेवणं निवली होती, पाहुणे उठून गेले होते, तिचे वडील गेल्याचा फोन आला तेव्हाही खालून हाच शब्द आला होता आणि तिनं रडून तोंड धुतल्यावर बारक्या वर पोचला होता. तो शब्द किती लांब असतो, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

ती वर गेली. थोड्या वेळानं वरून गादी ओढल्याचा आवाज येऊ लागला. आपल्या खोलीतून, खोक्यांमधून वाट काढत, ती ताईच्या खोलीत नेत होती. गादी कुठंतरी अडकली, आवाज थांबला, पुन्हा सुरू झाला.

बारक्या उठला. या खेपेला लगेच उठला, हातातले ठोकळे तसेच टाकून. जिन्याच्या वळणापर्यंत गेला. तिथं त्याचं पाऊल पुढं पडेना. वर दार लागलं, मग कडी. आणि तो भिंतीला हात लावून तिथंच उभा राहिला.