शीर सापडेना

मित्रांनो, मी एक जुना पंप आहे. पाण्याचा नव्हे, औषधाचा. भरलेली सिरिंज माझ्या कुशीत बसवली की मी तिचा दट्ट्या इतका सावकाश ढकलतो की डोळ्यांना कळतही नाही. अकाली जन्मलेल्या बाळांच्या विभागात मी आलो, तेव्हा माझं केवढं कौतुक झालं होतं! पुढे नवे पंप आले. औषध जरा अडलं की मी शिट्टी वाजवतो, म्हणून सगळ्या सिस्टर मला ‘किरकिऱ्या’ म्हणू लागल्या आणि माझी रवानगी कपाटात झाली.

एकदा सगळे पंप गुंतले होते. मोठ्या सिस्टरनी मला बाहेर काढलं, पुसलं आणि एका काचेच्या पेटीजवळ लावलं. आत ओंजळभर मुलगी होती. रक्तात शिरलेले जंतू तिच्या हृदयाच्या झडपेला जाऊन चिकटले होते.

“ऑपरेशन तिला झेपणार नाही,” डॉक्टरीणबाई तिच्या आईला म्हणाल्या. “अँटिबायोटिक हाच मार्ग. तेही शिरेतूनच, कित्येक आठवडे.”

आठवडे! आणि तिच्या शिरा दोऱ्याहून बारीक. आज हातातली फुटायची, उद्या पायातली. माझी शिट्टी वाजली की आईचा चेहरा पांढराफटक पडायचा.

मग ती दुपार आली. औषधाची वेळ झाली आणि शीरच सापडेना. हात काळेनिळे, पाय सुजलेले. मोठ्या सिस्टर वाकून वाकून शोधत होत्या. मी भरलेली सिरिंज घेऊन नुसता उभा. औषध माझ्यापाशी, दुखणं तिच्यापाशी, आणि मधे वाटच नाही!

आईने बाही वर सारली. “माझ्या हातात बघा ना किती शिरा आहेत! मला टोचा. माझ्यातून तिला जाणार नाही का हो?”

कोणी हसलं नाही.

“बाई गं, जात असतं तर आधी मीच हात पुढे केला असता,” सिस्टर म्हणाल्या. “तू तिचं डोकं धर. अलगद.”

आईने डोकं धरलं. सिस्टरनी कानावरचं जावळ बाजूला केलं, श्वास रोखला आणि तिथल्या बारीक शिरेत सुई घातली. नळीत रक्ताचा थेंब चमकला. बटण दाबलं गेलं. मी जीव मुठीत धरून ढकलू लागलो. शिट्टी वाजली नाही.

पुढचे आठवडे असेच एकेका शिरेवर निघाले. जंतू हटले, पण जाताना झडप कुरतडून गेले. ती अजून गळते.

“मोठी झाली की ऑपरेशन करावंच लागेल,” डॉक्टरीणबाईंनी बजावलं.

“मोठी होईल म्हणालात ना?” आईने पदराने डोळे टिपले. “मग बाकीचं बघू.”

मित्रांनो, मी आता पुन्हा कपाटात आहे. तुमच्या घरी असं इवलं बाळ आलं, तर धावत जाऊन गालाला हात लावू नका. आधी हात स्वच्छ धुवा. एकदा जंतू आत शिरले, की त्यांच्यामागे जायला आम्हाला वाट सापडेलच असं नाही.