अर्धी सोडलेली ओळ

उमाजीची लेक चंदा गायला लागली की मेंढरंसुद्धा माना वर करतात, असं गाव म्हणायचं आणि उमाजीची छाती फुगायची. आता त्याच गळ्यानं त्याची झोप उडवली होती.

झालं असं, की जिंतूरकडच्या त्या गावातला चराईचा माळ एका कंपनीला गेला आणि भोवती तारेचं कुंपण पडलं. चंदानं त्यावर ओवी रचली, कुणीतरी मोबाइलवर टिपली आणि ती जिकडंतिकडं झाली. मग एक दिवस फौजदार दारात हजर. चहा प्याले, गोड बोलले आणि उठता उठता म्हणाले, "उमाजी, तार उपटा म्हणणं म्हणजे चिथावणी. अतिरेक्यांसाठी जो कायदा हाय ना, त्यात बसवता येतं. जामीन सहजी मिळत न्हाई बरं का. पोरगी कॉलेजात शिकायलीय, बघा."

उमाजीनं अतिरेकी फक्त टीव्हीवर पाहिले होते. तसल्यांच्या पंगतीत आपली चंदा? बिरोबाचा भंडारा पुढं धरून त्यानं लेकीला शपथ घातली. "तेवढी तार उपटायची ओळ सोड, माय. बाकी काय गायचं ते गा." चंदानं भंडारा कपाळाला लावला, पण बापाकडं बघितलं नाही.

गावानं कुंपणाविरुद्ध धरणं धरलं, त्या दिवशी तारेलगतच्या माळावर माणसं आणि मेंढरं सारखीच दाटली. समोर फौजदार, शेजारी मोबाइल धरलेला शिपाई. बायकांनी आग्रह केला तशी चंदा उठली. मागं ढोल आणि झील धरायला उमाजी अन् त्याच्या ओवीच्या फडातले जुने गडी. पुढच्याचा श्वास तुटला की मागच्यानं ओळ उचलायची, देवाची ओवी अर्धी राहू द्यायची नाही, ही त्यांच्या फडाची रीत. उमाजीचा सारा जन्म त्यातच गेलेला.

चंदानं खडा आवाज लावला,

"माळ हाय मेंढरांचा, तार कुनी ठोकली?"

आणि ती थांबली. शपथ म्हणजे शपथ. ढोल घुमत राहिला, तिचे डोळे भरून आले. उमाजीला ते सोसेना. काही कळायच्या आत त्याचा हात कानाला गेला आणि तोंड उघडलं,

"उपटा रं ती तार, माय आमची कोंडली!"

गड्यांनी ओळ धरली, उमाजीच्या बायकोनं, अंबाबाईनं धरली, मग सगळ्या माळानं धरली. उमाजी स्वतःच्याच आवाजाला दचकला, पण थांबला नाही. कितीतरी दिवसांनी त्याला मोकळं वाटत होतं.

फौजदार जवळ आले. "उमाजी, तुमीबी?"

"न्यायचं तर न्या, साहेब. पण झील धरणारे समदेच न्यावे लागतील. जीप पुरंल का?"

फौजदारांनी माळभर नजर फिरवली आणि ते जीपकडं वळले. उद्या नोटीस येईल, कदाचित येणारही नाही. उमाजीला आज त्याची फिकीर नव्हती.

घरी परतताना चंदा म्हणाली, "आबा, तुमीच तर शपथ घातली होती."

"तुला घातली होती," उमाजी म्हणाला. "मी कुठं घेतली होती?"

आणि तीच ओळ गुणगुणत तो मेंढरांमागं चालू लागला.